ड्रॅग फॅक्टर न लिहिता कोणाला घरी पाठवू नका: रोइंगच्या निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
रोइंग संघांच्या निवड समित्या, मुख्य प्रशिक्षक आणि खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या घेणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

ठरलेल्या एका सकाळी अर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याच्या यंत्रावर, एकदाच २००० मीटर मारायचे. दिलेल्या वेळेच्या आत आलात तर शिबिरात जागा, एका सेकंदाने मागे राहिलात तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. निवडीची ही रीत दिवसेंदिवस घट्ट होत चालली आहे आणि ती आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहीत आहोत.

आमच्यापैकी काही जण अर्गोवर बसतात, काही शेजारी वही घेऊन उभे राहतात, काही कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात. चाचण्या नकोत असे आमच्यातले कोणीही म्हणत नाही. चाचणी नसेल तर निवड ओळखीपाळखीवर जाते आणि कमी बोलणारा, पुढे पुढे न करणारा खेळाडू कायम मागे पडतो, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. आमचे भांडण निष्काळजी चाचणीशी आहे. कित्येक वर्षांची पहाटेची मेहनत ज्या आकड्यावर तोलली जाते, तो आकडा कोणत्या परिस्थितीत आला हे कुठेच लिहिलेले नसते. हे गप्प राहून चालवून घ्यावे अशी गोष्ट नाही.

यंत्राबद्दल

चाचणीच्या सूचनांमध्ये बहुतेक वेळा एवढेच असते: ‘डॅम्पर ५ वर ठेवा.’ ही सूचना अपुरी आहे. डॅम्पर म्हणजे फ्लायव्हीलच्या (हँडल ओढले की फिरणाऱ्या चाकाच्या) पिंजऱ्यात किती हवा शिरू द्यायची हे ठरवणारी झडप. त्यावरचे १ ते १० आकडे झडप किती उघडी आहे ते सांगतात, प्रत्यक्ष किती विरोध मिळतो ते सांगत नाहीत. पिंजऱ्याच्या जाळीत धूळ आणि कपड्यांचे धागे अडकले की हवा कमी शिरते. स्वच्छ यंत्रावर ४ ला जो विरोध मिळतो, तो जाळी भरलेल्या यंत्रावर ७ ला मिळू शकतो. उंचावरच्या विरळ हवेत किंवा तापलेल्या हॉलमध्ये तो आणखी बदलतो. दोन खेळाडू शेजारशेजारच्या यंत्रांवर ‘५’ लावून बसले, तरी दोघे वेगवेगळी परीक्षा देत असतात.

खरा आकडा आहे ड्रॅग फॅक्टरचा, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या विरोधाच्या मापाचा. हँडल पुढे जात असताना, म्हणजे रिकव्हरीत, फ्लायव्हील किती झपाट्याने मंदावते त्यावरून मॉनिटर तो प्रत्येक स्ट्रोकला (हँडलच्या प्रत्येक ओढीला) नव्याने काढतो. बघायला मिनिटभरही लागत नाही. मॉनिटरच्या ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडायचे, दहा-बारा स्ट्रोक सारख्या जोराने मारायचे, आकडा स्थिरावू द्यायचा, मग डॅम्पर थोडा इकडेतिकडे करून हवा तो आकडा आणायचा. स्पर्धात्मक रोइंगमध्ये तो साधारण १०० ते १४० च्या दरम्यान ठेवतात. हलक्या खेळाडूंना त्यातला खालचा भाग मानवतो, जड आणि ताकदवान खेळाडूंना वरचा.

यावर एक उत्तर आम्हाला नेहमी मिळते: ‘ड्रॅग कितीही असला तरी मॉनिटर हिशेबात धरतो, मग फरक काय पडतो?’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. वॉटचा, म्हणजे खेळाडूने लावलेल्या ताकदीचा, हिशेब मॉनिटर बरोबर करतो, हे मान्य. पण ड्रॅग कमी असेल तर हँडल हलके आणि जलद ओढावे लागते, जास्त असेल तर जड आणि हळू. ज्या पायांना आणि पाठीला ११० ची सवय आहे, त्यांना अचानक १४५ वर बसवले की प्रत्येक स्ट्रोकच्या सुरुवातीचा भार कंबरेवर आणि बरगड्यांवर येतो. चौदाशे-पंधराशे मीटरपर्यंत खेळाडूच्या हालचालींची लय तुटते आणि वेळ बिघडते. यात तंदुरुस्ती मोजली जात नाही, नको त्या गिअरमध्ये किती टिकाव लागतो तेवढेच मोजले जाते.

शिवाय मॉनिटर फक्त फ्लायव्हील पाहतो. साखळी कोरडी पडली असेल तर तिच्या घर्षणात गेलेली ताकद त्याला दिसत नाही, आणि ती ताकद खेळाडूच्या खात्यातून जाते. साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर तेल द्यायचे, सीट ज्यावर सरकते तो रूळ रोज पुसायचा, सीटची चाके अडखळत नाहीत ना ते पाहायचे. हँडल परत खेचणारी इलॅस्टिक दोरी सैल झाली असेल तर कॅचला, म्हणजे ओढीच्या सुरुवातीला, साखळी ढिली पडते आणि पहिले काही सेंटिमीटर वाया जातात. हे सगळे करायला एका यंत्रामागे दहा मिनिटे पुरतात. वर्षाच्या सर्वांत महत्त्वाच्या चाचणीआधी ती काढली जात नसतील, तर त्या दिवशीच्या वेळा एकमेकांशी ताडून पाहण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

आणखी एक. जमिनीवर पक्के ठेवलेले अर्गोमीटर, स्लाइडवर (सरकत्या पायांवर) ठेवलेले अर्गोमीटर आणि ज्यात पाय टेकवायचा फूट स्ट्रेचरच मागेपुढे सरकतो ते डायनॅमिक यंत्र, ही तीन वेगळी साधने आहेत. पक्क्या यंत्रावर खेळाडू स्वतःचे सगळे वजन रुळावर मागेपुढे नेतो आणि दर स्ट्रोकला थांबवतो. स्लाइडवर यंत्र त्याच्याखाली सरकते, म्हणून तिथे स्ट्रोक रेट (मिनिटाला किती स्ट्रोक) सहज वर जातो. या तिन्हींवरच्या वेळा एकाच यादीत घालू नका.

दोन सेकंदांचा फरक म्हणजे किती फरक?

कटऑफ, म्हणजे पात्रतेची वेळ, ७:००.० असेल आणि एखादी खेळाडू ७:०१.२ मध्ये आली, तर तिला बाहेर ठेवताना तुम्हाला नक्की काय कळलेले असते?

मुरलेल्या रोअरची २००० मीटरची वेळ, तयारी तीच असतानाही, चाचणीगणिक साधारण ०.६ टक्के इकडेतिकडे होते. सात मिनिटांवर हे सुमारे अडीच सेकंद होतात. दोन खेळाडूंची तुलना करताना दोघांचीही चूक त्यात मिसळते, म्हणजे ही अनिश्चितता साडेतीन सेकंदांच्या घरात जाते. एका चाचणीतल्या दोन सेकंदांच्या फरकावरून पहिला आणि दुसरा ठरवता येत नाही. मॉनिटर दशांशापर्यंत वेळ दाखवतो हे खरे, पण म्हणून माणसाचे शरीर दशांशापर्यंत तेच उत्तर रोज देत नाही.

वेळेऐवजी वॉट लिहिले तर चित्र अधिक स्वच्छ दिसते. सूत्र सोपे आहे: एका मीटरला लागलेले सेकंद घ्या, त्याचा घन करा, त्याने २.८ ला भागा. १:४५ चा स्प्लिट (५०० मीटरला लागलेली वेळ) म्हणजे मीटरला ०.२१ सेकंद, म्हणजे ३०२ वॉट. १:४० म्हणजे ३५० वॉट, १:३० म्हणजे ४८० वॉट. इथे घन आहे, त्यामुळे वेळेत एक टक्का सुधारायला ताकद जवळजवळ तीन टक्के वाढवावी लागते. ७:०० वरून ६:५६ वर यायला सुमारे ९ वॉट जास्त लागतात. चार सेकंद कमी करण्यासाठी सहा महिने झिजलेल्या मुलाला ‘एवढीच सुधारणा?’ असे म्हणण्याआधी हे गणित एकदा करून पाहा.

याच घनामुळे सुरुवातीचा अतिउत्साह महागात पडतो. १:४५ ची तयारी असलेल्या खेळाडूने पहिले ५०० मीटर १:३५ ने मारले तर तो तेवढा वेळ ३०२ ऐवजी ४०८ वॉट काढत असतो. पुढच्या दीड हजार मीटरमध्ये त्याची किंमत वसूल होतेच. म्हणून नुसती एकूण वेळ लिहू नका. चारही ५०० मीटरचे स्प्लिट आणि स्ट्रोक रेट लिहा. वाईट वेळ कमी ताकदीमुळे आली की चुकीच्या आखणीमुळे, हे तिथेच दिसते. आखणी तर दोन आठवड्यांत सुधारता येते.

शरीराच्या वजनाचा हिशेब

अर्गोमीटरचे सीट रुळावर असते आणि रूळ जमिनीवर. बसणारा ९५ किलोचा असो की ७५ किलोचा, त्याचे वजन यंत्र पेलते. पाण्यात तसे होत नाही. जड शरीराने नौका खोल बसते, पाण्याला घासणारा भाग वाढतो आणि विरोध वाढतो. नियमानुसार सिंगल स्कलची (एकट्याची) नौका किमान १४ किलोची आणि कॉक्सशिवायच्या, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याशिवायच्या, पेअरची (दोघांची) २७ किलोची. म्हणजे पाण्यातल्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा खेळाडूंच्या शरीराचाच असतो.

यासाठी अर्गोमीटर बनवणाऱ्या कॉन्सेप्ट टू कंपनीने दिलेले वजनाचे साधे सूत्र उपलब्ध आहे: पौंडातल्या वजनाला २७० ने भागायचे, त्याचा ०.२२२ घात घ्यायचा आणि त्याने वेळेला गुणायचे. ९५ किलोच्या खेळाडूची ६:४० ही वेळ अशी काढली तर ६:१८.१ येते. ७५ किलोच्या खेळाडूची ७:०० ही वेळ ६:१६.७ येते. यादीत वीस सेकंदांनी मागे असलेला खेळाडू या हिशेबात किंचित पुढे निघतो. हे सूत्र अंदाजापुरतेच आहे, त्यावरून थेट निवड करा असे आम्ही म्हणत नाही. पण कच्ची वेळ हीच अंतिम वेळ मानणे हाही अंदाजच आहे, आणि तो या सूत्रापेक्षा वाईट आहे. सिंगल आणि पेअरसाठी माणसे निवडताना तरी दोन्ही रकाने शेजारीशेजारी ठेवा.

रक्ताचा एक थेंब

लॅक्टेटची (श्रमात स्नायूंत तयार होऊन रक्तात येणाऱ्या द्रव्याची) पायरीपायरीने जोर वाढवत घ्यायची चाचणी आता बऱ्याच ठिकाणी होते ही चांगली गोष्ट आहे. पण ती ज्या घाईने उरकली जाते ते पाहून आम्हाला वाईट वाटते, कारण इथली चूक पुढे तीन-चार महिने रोजच्या सरावात शिरते.

नीट घेतली तर ती अशी होते. चार-चार मिनिटांच्या सात पायऱ्या, मध्ये एकेक मिनिट थांबून रक्त घ्यायचे. ७:०० च्या सुमारास २००० मीटर मारणाऱ्या खेळाडूसाठी पहिल्या सहा पायऱ्या १४०, १६५, १९०, २१५, २४० आणि २६५ वॉट अशा ठेवता येतात. सातवी पूर्ण जोराची. चार मिनिटे एवढ्यासाठी की स्नायूत तयार झालेले लॅक्टेट रक्तात येऊन स्थिरावायला वेळ लागतो. वेळ वाचवायला दोन मिनिटांच्या पायऱ्या केल्या तर रक्तातला आकडा कायम मागच्या पायरीची गोष्ट सांगत राहतो. प्रत्येक पायरीवर ठरलेल्या आकड्यापासून पाच वॉटच्या आत राहायचे आणि स्ट्रोक रेट लिहायचा. तेच वॉट १८ च्या रेटने काढले की २४ च्या, यानेही आकडा बदलतो.

आता तो थेंब. रोअरच्या बोटांवर फोड आणि घट्टे असतात आणि हात हँडलवर हवे असतात, म्हणून कानाची पाळी बरी. पाळी आधी कोरड्या कापडाने पुसायची, मग स्पिरिटने, मग स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे. टोचल्यावर आलेला पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोजणीच्या पट्टीला लावायचा. पाळी पिळायची नाही. यातली कोरडे पुसण्याची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि नुकसान तिथेच होते, कारण घामात लॅक्टेटचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असते. केसांतून ओघळलेला एक घामाचा थेंब रक्तात मिसळला की आकडा उडी मारतो.

उदाहरण घेऊ. २१५ वॉटला लॅक्टेट १.९ मिलिमोल (दर लिटर रक्तात), २४० ला ३.१ आणि २६५ ला ५.० असे खरे आकडे असतील तर सरावाची सीमा म्हणून धरली जाणारी ४ मिलिमोलची रेषा सुमारे २५२ वॉटवर पडते. २४० च्या पायरीवर घाम मिसळून ३.१ ऐवजी ४.३ आले, तर तीच रेषा २३७ वॉटवर येते. पंधरा वॉट गेले. स्प्लिटमध्ये सांगायचे तर १:५१.६ ऐवजी १:५३.९. खेळाडू पुढचे दोन-तीन महिने या चुकीच्या आकड्याने आखलेला सराव करणार आणि निवडीच्या कागदावर ‘एरोबिक पाया कच्चा’ (दमसास कमी) असा शेरा लागणार. आकडा रांगेत बसत नाही असे दिसले की लगेच, तिथल्या तिथे, दुसरा नमुना घ्यायला हवा.

उलट दिशेची चूकही होते आणि ती फसवी असते. आदल्या दिवशी लांब सराव झाला असेल किंवा वजन उतरवण्यासाठी खेळाडू पोळी-भात टाळत असेल, तर स्नायूतला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आटलेला असतो. मग लॅक्टेट बनायला कच्चा मालच कमी, आणि त्याच वॉटला आकडा खाली दिसतो. कागदावर प्रगती दिसते, प्रत्यक्षात खेळाडू रिकामा झालेला असतो. सातव्या पायरीनंतरचा उच्चांक खूप खाली आला असेल तर शंका घ्या. तो उच्चांक थांबल्या क्षणी घेऊनही उपयोग नाही. तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला घ्या, गरज वाटली तर आणखी उशिरा एकदा.

पट्ट्यांची मुदत, त्या ठेवलेल्या जागेचे तापमान, पट्टीच्या डबीवरचा कोड आणि सकाळी कंट्रोल द्रावणाने (आकडा आधीच माहीत असलेल्या) केलेली तपासणी, हे चारही कागदावर यायला हवे. ४ मिलिमोल ही सरसकट सोयीची रेषा आहे, प्रत्येकाच्या शरीराची नाही. कोणाची खरी सीमा ३ च्या खाली असते, कोणाची ५ च्या वर. म्हणून सगळ्या पायऱ्यांचे आकडे जोडणारा पूर्ण वक्र द्या. एकट्या बिंदूवरून खेळाडूला काहीच कळत नाही.

खेळाडू किती ऑक्सिजन वापरतो ते मोजण्याची सोय जिथे आहे तिथेही हेच. चाचणीच्या आधी तीन लिटरच्या सिरिंजने प्रवाह तपासला का, माहीत असलेल्या मिश्रणाच्या वायूने सेन्सर जुळवला का, आणि बाहेरच्या हवेवर २०.९३ टक्के ऑक्सिजन दाखवतो का, हे लिहिलेले नसेल तर तो अहवाल निवडीच्या टेबलावर आणू नका.

चाचणीच्या आधीचे ४८ तास

एकाच यादीतला एक खेळाडू दोन दिवस विश्रांती घेऊन येतो, दुसरा रात्रभर प्रवास करून, तिसऱ्याच्या क्लबने आदल्या संध्याकाळी वजनांचा सराव घेतलेला असतो. हॉलमध्ये एका वेळी वीस यंत्रे चालतात, पंखे दोन टोकांना दोन. सकाळच्या पहिल्या गटाला मिळालेली हवा शेवटच्या गटाला मिळत नाही. तोवर हॉल तापलेला आणि दमट झालेला असतो आणि हृदयाचे ठोके त्याच वॉटला वर चढलेले असतात. तापमान १८ ते २२ अंशांत ठेवता येत नसेल तर निदान लिहून ठेवा आणि प्रत्येक यंत्रापुढे पंखा द्या. ठोके मोजायला छातीचा पट्टा वापरा. हँडल धरलेल्या, सतत वाकणाऱ्या मनगटावरचे घड्याळ इथे भरवशाचे नाही.

एका चाचणीत मावत नाही ते

२००० मीटरच्या शर्यतीतली सुमारे तीन चतुर्थांश किंवा अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते, उरलेली त्याविना. एकच वेळ दोन अगदी वेगळ्या शरीरांतून येऊ शकते. एकाचे दहा स्ट्रोकचे कमाल वॉट प्रचंड असतात पण २० च्या रेटने ३० मिनिटांत तो ढासळतो. दुसरा ३० मिनिटे घड्याळासारखा चालतो पण सुटताना मागे पडतो. दोघांना सारखा सराव देणे चूक, आणि एटमधल्या (आठ जणांच्या नौकेतल्या) एकाच जागेसाठी दोघांना सारखे मानणेही चूक. दहा स्ट्रोक, २००० मीटर, ६००० मीटर किंवा २० च्या रेटने ३० मिनिटे, आणि पायऱ्यांची चाचणी: एवढ्यात खेळाडूची कुंडली समोर येते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये शर्यतच १५०० मीटरची आहे. म्हणजे २००० चा कटऑफ काही दगडावरची रेघ नव्हे.

आणि यातले काहीही वल्हे पाण्यात कसे पडते ते सांगत नाही. ते पाहायला पाण्यावर जावे लागते. तिथे नुसती वेळ घेऊन भागत नाही, कारण वारा आणि प्रवाह पाच मिनिटांत बदलतो. सीट रेसिंग, म्हणजे नौकांतली माणसे बदलून तुलना करणे, हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण तोही नीट करा. दोन फोर (चौघांच्या नौका) शेजारीशेजारी, स्ट्रोक रेटला ठरवलेली मर्यादा, चालत्या नौकेतून सुरुवात, मग एकाच माणसाची अदलाबदल. पहिल्या फेरीत क्ष असलेली नौका तीन सेकंदांनी जिंकली आणि अदलाबदलीनंतर क्ष ज्या नौकेत गेला ती एक सेकंदाने जिंकली, तर एकूण फरक चार सेकंद. पण एक नौका जलद झाली तशी दुसरी मंदही झाली आहे, तेव्हा माणसाचा वाटा त्याच्या निम्मा, दोन सेकंद. हे चार सेकंद तसेच्या तसे एखाद्याच्या नावावर मांडलेले आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. कोणाची अदलाबदल होणार हे आधी सांगू नका, रिगिंग (वल्ह्यांच्या आधारांची मांडणी) तेच ठेवा, आणि फेऱ्यांमध्ये सगळ्यांना सारखी विश्रांती द्या.

आजारपण, बरगड्या, वजनकाटा

ताप असताना किंवा नुकताच उतरलेला असताना पूर्ण जोराची चाचणी द्यायला लावणे धोक्याचे आहे. विषाणूची लागण हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेली असू शकते आणि अशा वेळी कमाल श्रम जिवावर बेतू शकतात. तरीही ‘आज नाही दिली तर शून्य’ हा नियम कायम आहे, आणि म्हणून मुले ताप लपवतात. बरगडीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरचेही (सततच्या ताणाने पडणाऱ्या चिरेचेही) तसेच. खोल श्वास घेताना, कुशीवर वळताना बरगडीत एका जागी कळ येते, आणि मूल ते सांगत नाही कारण चाचणी दहा दिवसांवर असते. लपवायला तुमचा नियम भाग पाडतो.

वजन आणि चरबीच्या मापाबद्दल आम्ही अगदी स्पष्ट बोलतो. वजनाचा तक्ता भिंतीवर लावणे बंद करा. सात जागांवरच्या कातडीच्या घडीची मापे बंद खोलीत, खेळाडूच्या संमतीने, प्रशिक्षित व्यक्तीने घ्यावीत. मुलींच्या वेळी सोबतीला त्यांना हवी ती व्यक्ती असावी. प्रत्येक जागा दोनदा मोजावी, दोन मापांत अंतर पडले तर तिसऱ्यांदा. कमी खाणे आणि जास्त सराव यांतून हाडे, मासिक पाळी, प्रतिकारशक्ती यांवर होणाऱ्या परिणामांबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये निवेदन काढले आणि २०१८ व २०२३ मध्ये ते अद्ययावत केले. ते माहीत नाही असे आता कोणी म्हणू शकत नाही.

ज्युनिअर खेळाडूंबद्दल एकच सांगणे: पंधरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. उशिरा वाढणाऱ्याला कटऑफने कापून टाकले तर तो अठराव्या वर्षी परत येत नाही.

आमच्या मागण्या

१. ड्रॅग फॅक्टर वजनगटानुसार आधी जाहीर करा, प्रत्येक यंत्रावर चाचणीच्या लगेच आधी तपासा आणि निकालाशेजारी लिहा. खेळाडूला तो स्वतः पाहण्याचा हक्क असावा.

२. प्रत्येक निकालपत्रावर यंत्राचा क्रमांक, हॉलचे तापमान व दमटपणा, चाचणीची वेळ, चारही स्प्लिट, स्ट्रोक रेट, सरासरी वॉट, शेवटचे जेवण, मागच्या ४८ तासांतला सराव आणि आजारपण यांचे रकाने असावेत. रिकामा रकाना असलेला निकाल निवडीसाठी धरू नये.

३. कटऑफपासून एक टक्क्याच्या आत असलेल्या प्रत्येक खेळाडूला पाच ते दहा दिवसांत दुसरी संधी द्या आणि दोन्हींचा एकत्र विचार करा.

४. अर्गोची वेळ, वजनाचा हिशेब लावलेली वेळ, लांब चाचणी आणि पाण्यावरची चाचणी यांना निवडीत किती महत्त्व आहे, हे हंगामाच्या सुरुवातीला लिहून द्या. निकाल हाती आल्यावर ते बदलू नका.

५. लॅक्टेटचे नमुने प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच घ्यावेत. शंकास्पद आकड्याला लगेच दुसरा नमुना घ्यावा, आणि संपूर्ण वक्र खेळाडूला सात दिवसांत मिळावा.

६. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चाचणी पुढे ढकलता यावी आणि त्याचा निवडीवर परिणाम होऊ नये. वजन, चरबी, मासिक पाळी, रक्ततपासणी ही माहिती खेळाडूच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नये.

७. निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी किमान तीन दिवसांची मुदत द्या. ती दाद चाचणी घेणाऱ्यांव्यतिरिक्त कोणीतरी ऐकावी.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना एक पैसाही लागत नाही. त्या पुढच्या चाचणीपासून लागू करा आणि तसे लेखी कळवा. बाकीच्यांवर बसून बोलायला आम्ही तयार आहोत. चाचणीपत्रकाचा नमुना आमच्याकडे तयार आहे, सांगाल त्या दिवशी घेऊन येतो.

आपले,
अर्गोवर बसणारे आणि अर्गोशेजारी वही घेऊन उभे राहणारे